आवडत्या उमेदवाराच्या मुलाखतीचे कौतुक कसे मांडावे

परदेशातील राष्ट्राध्यक्षपदाच्या एखाद्या उमेदवाराची मुलाखत आपल्याला मनापासून आवडणे आणि ती का आवडली हे चार माणसांना पटेल अशा रीतीने सांगता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवी मुंबईत, विशेषतः नेरूळ, सीवूड्स, खारघर या भागांत, मुलगा, मुलगी किंवा सून अमेरिकेत असलेली घरे इतकी आहेत की तेथील निवडणुकीची चर्चा ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर महापालिकेच्या निवडणुकीइतक्याच आवेशाने चालते. मात्र त्या चर्चेतले कौतुक बहुधा “काय बोलला हो, समोरच्याची बोलतीच बंद केली” या वाक्यापाशी येऊन थांबते. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. तो आधीच आपल्या बाजूचा असेल तर मान डोलावतो, नसेल तर विषय बदलतो.

हे कौतुक दमदार कसे करावे, याविषयी पुढील सूचना आहेत. मी स्वतः 2016 आणि 2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे, व्हरमाँट राज्याचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचा चाहता आहे, तेथे मला मत नाही, आणि उदाहरणे त्यांच्याच मुलाखतींतील घेतली आहेत. वाचकाचा उमेदवार दुसरा असला तरी पद्धतीत फरक पडत नाही. तिचे मर्म इतकेच की कौतुक उमेदवाराच्या वाक्यावर नव्हे, तर त्याला विचारलेल्या प्रश्नावर उभे करावे. प्रश्न किती अवघड होता, तो कोणी विचारला आणि त्याला उत्तर मिळाले की बगल, हे सांगितल्याशिवाय “छान बोलले” या शब्दांना वजन येत नाही.

मुलाखतीआधी काय जाणून घ्यावे

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड निवडून आलेले खासदार आणि आमदार करतात, त्यामुळे या पदाच्या उमेदवाराने दूरचित्रवाणीवर बसून सर्वसामान्य मतदाराला जिंकून घेण्याचा प्रसंग आपण पाहिलेलाच नसतो. अमेरिकेत उमेदवाराला प्रथम स्वतःच्या पक्षाच्या मतदारांपुढे आणि नंतर साऱ्या देशापुढे जावे लागते, आणि ही पायपीट वर्षभराहून अधिक काळ चालते. 2020 च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षातील पहिले मतदान आयोवा राज्यात 3 फेब्रुवारी 2020 रोजी झाले, पण उमेदवारांच्या मुलाखतींचा रतीब 2019 च्या आरंभीच सुरू झाला होता. एखादी मुलाखत या वाटेवरच्या कोणत्या टप्प्यावरची आहे, हे श्रोत्याला आरंभीच सांगावे. पक्षातल्या मतदारांसाठी दिलेले उत्तर आणि सर्वांसाठी दिलेले उत्तर यांचा पोत वेगळा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उमेदवार कोणाच्या अंगणात गेला होता. सँडर्स 15 एप्रिल 2019 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम या गावी फॉक्स न्यूज वाहिनीच्या जाहीर मुलाखतीला गेले. ही वाहिनी रिपब्लिकन प्रेक्षकांची लाडकी, आणि तिला पक्षातील उमेदवारांच्या वादसभा भरवू द्यायच्या नाहीत, असे डेमोक्रॅटिक पक्षाने त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केले होते. पुढे मे महिन्यात उमेदवारीच्या त्याच स्पर्धेतील सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी याच वाहिनीचे निमंत्रण जाहीरपणे नाकारले. त्या नकारालाही तर्क होता, आणि तो चाहत्याने झाकून ठेवू नये. पण जो गडी परक्या मैदानावर उतरतो त्याच्या खेळाला वेगळे गुण द्यावेच लागतात, असे माझे मत आहे.

गावाचीही चौकशी करावी. बेथलेहेम हे पोलादाचे गाव. तेथील बेथलेहेम स्टील या प्रचंड कंपनीची त्या गावातील पोलादनिर्मिती 1995 मध्ये थांबली, कंपनी 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यानंतर निवृत्त कामगारांना कंपनीकडून मिळणारे आरोग्यविम्याचे संरक्षणही संपले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना एकामागून एक टाळे लागताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुलाखतीत आरोग्यविम्याचा प्रश्न निघाला तेव्हा सभागृहाचा कान का टवकारला गेला असेल, हे या एका माहितीने श्रोत्याच्या लक्षात येते.

पाहावी कशी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी सात वाजता दाखवली जाणारी मुलाखत आपल्याकडे तेथील उन्हाळ्यात सोमवारी पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला येते. त्या वेळी उठून ती पाहण्यात हौस आहे, पण निर्णय त्या पाहण्यावर सोडू नये. दुपारी, डोके थंड असताना, तीच मुलाखत पूर्ण लांबीची शोधून पुन्हा पाहावी. दीड मिनिटाच्या तुकड्यांवर विसंबणे हा तर मोठाच धोका आहे, कारण तो तुकडा कापणाऱ्याने त्यात टाळी ठेवलेली असते आणि प्रश्नाचा पहिला अर्धा भाग काढून टाकलेला असतो.

दुसऱ्यांदा पाहताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे फक्त प्रश्न लिहावेत. उत्तरे उजवीकडे, आणि तीही एका ओळीत. एक ओळ लिहिता येत नसेल तर बहुधा उत्तर दिलेलेच नसते. जिथे मुलाखतकाराने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आहे तिथे खूण करावी, कारण प्रतिप्रश्न हा मुलाखतीचा कणा आहे आणि उमेदवाराची खरी परीक्षा तिथेच होते.

चित्र बंद करून केवळ आवाज ऐकण्याची युक्तीही उपयोगाची आहे. हातवारे, हसू, कोटाची शिवण या साऱ्यांचा प्रभाव त्यामुळे बाजूला पडतो. या संदर्भात कट्ट्यावर कोणी ना कोणी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्या 26 सप्टेंबर 1960 च्या वादसभेची गोष्ट काढतोच, की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना केनेडी. गोष्ट झकास आहे, पण तिच्यामागचा पुरावा तोकडा असल्याचे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे, तेव्हा आपल्या भाषणात ती आधार म्हणून वापरू नये.

प्रश्न साधा दिसला म्हणून तो सोपा समजू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. याच जॉन केनेडींचे धाकटे बंधू सिनेटर एडवर्ड केनेडी यांना सीबीएस वाहिनीच्या रॉजर मड यांनी विचारले होते की आपल्याला राष्ट्राध्यक्ष का व्हायचे आहे. याहून साधा प्रश्न उमेदवाराला विचारता येणार नाही. केनेडी अडखळले, चाचपडले, भरकटले. 4 नोव्हेंबर 1979 रोजी ती मुलाखत प्रसारित झाली, त्यानंतर तीन दिवसांनी त्यांनी उमेदवारी अधिकृतपणे जाहीर केली, आणि तरीही प्रचारभर ते उत्तर त्यांच्या मागे लागून राहिले. आपल्या उमेदवाराने असा साधा प्रश्न नीट पेलला असेल, तर ते ठळकपणे सांगण्यासारखे आहे. टाळ्यांच्या वाक्यांपेक्षा मला असे उत्तर अधिक मोलाचे वाटते.

कोणता क्षण निवडावा

तासाभराच्या मुलाखतीतील सगळेच चांगले सांगायला गेल्यास काहीच लक्षात राहत नाही. एक क्षण निवडावा, तो सावकाश उलगडावा आणि बाकीच्यांचा ओझरता उल्लेख करावा. निवडताना कसोटी ही ठेवावी की त्या क्षणी उमेदवाराच्या हातून काही निसटण्याची शक्यता होती का. जिथे धोका नव्हता तिथे कौतुकाला जागा नाही.

बेथलेहेमच्या मुलाखतीतून मी नेहमी हात वर करण्याचा प्रसंग निवडतो. तो सांगण्याआधी दोन वाक्यांची तयारी लागते. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना 1965 च्या कायद्याने आली आणि ती मुख्यतः पासष्टी उलटलेल्यांसाठी आहे. नोकरदार वयाच्या बहुतेक लोकांना विमा मालकाकडून मिळतो, त्यामुळे नोकरी सुटली की विम्याचाही भरवसा राहत नाही. सँडर्स यांचे म्हणणे असे की सरकारी विमा सर्वांनाच द्यावा आणि खासगी विम्याची जागा त्याने घ्यावी. आपल्याकडील श्रोत्यांत केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड खिशात असलेले निवृत्त कर्मचारी असतात, कारखान्यात असताना ईएसआयसीच्या दवाखान्यात रांगा लावलेले असतात, आणि दरवर्षी विम्याचा वाढता हप्ता पाहून कपाळाला हात लावणारेही असतात. त्यामुळे हा मुद्दा समजायला त्यांना वेळ लागत नाही.

आता प्रसंग. सूत्रसंचालक ब्रेट बेअर यांनी प्रेक्षकांकडे वळून विचारले की येथे किती जणांना नोकरीतून खासगी विमा मिळतो, त्यांनी हात वर करावेत. पुष्कळ हात वर झाले. मग त्यांनी विचारले की यांपैकी किती जण सिनेटर म्हणतात तशा सरकारी व्यवस्थेत जायला तयार आहेत. या दुसऱ्या प्रश्नामागे अपेक्षा काय होती हे बेअर यांनाच ठाऊक, पण सर्वसाधारण समज असा होता की हातातला विमा सोडायला माणसे तयार होत नाहीत. प्रत्यक्षात भराभर हात वर गेले आणि सभागृहात जल्लोष झाला. हे सांगताना उमेदवाराच्या तोंडचे एकही वाक्य उद्धृत करावे लागत नाही, आणि मला त्याचे विशेष वाटते ते यासाठीच. सँडर्स यांनी तो प्रश्न मधेच तोडला नाही, हात वर होण्याआधी बचाव सुरू केला नाही. ज्या प्रेक्षकांचा कौल उलट जाऊ शकत होता त्यांच्याकडे तो जाऊ दिला.

लगेच पुढचे वाक्य उच्चारले पाहिजे, आणि चाहता नेमके तेच गिळतो. सभागृहातील माणसे म्हणजे पेनसिल्व्हेनिया नव्हे. अशा कार्यक्रमाला उमेदवाराचे चाहते हौसेने येतात, आणि सभागृह सँडर्स यांच्या समर्थकांनी भरले होते अशी तक्रार तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केलीच होती. वर झालेल्या हातांवरून जनमत सिद्ध होत नाही. त्यावरून एवढेच दिसते की उमेदवार त्या प्रश्नाला घाबरला नाही, आणि आपले कौतुकही तेवढ्यापुरतेच ठेवावे.

उलटून पाहण्याची कसोटी

प्रत्येक आवडलेल्या उत्तराला एक प्रश्न लावावा: हेच उत्तर आपल्या नावडत्या उमेदवाराने दिले असते तर आपण काय म्हटले असते? ही कसोटी लावली की निम्मी टिपणे गळून पडतात.

त्याच कार्यक्रमाच्या दिवशी सँडर्स यांनी आपली दहा वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे खुली केली होती, आणि पुस्तकाच्या विक्रीमुळे ते दशलक्ष डॉलरवाल्यांच्या पंगतीत बसल्याचे उघड झाले होते. श्रीमंतांवर कर वाढवा असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला मग साहजिकच विचारले गेले की नव्या करकायद्याचा फायदा आपल्यालाही झाला, तर आपण स्वतःहून जास्त कर का भरत नाही. सँडर्स यांनी आपण देणे लागतो तेवढा कर भरतो असे सांगितले आणि सूत्रसंचालिका मार्था मॅकॅलम यांच्याकडे वळून म्हटले की तुम्हीच का देत नाही, तुम्ही तर माझ्याहून जास्त कमावता. हशा पिकला. समर्थकांनी हा तुकडा डोक्यावर घेतला.

हा हजरजबाबीपणा आहे, उत्तर नाही. उलट पक्षाच्या नेत्याने मुलाखतकाराच्या पगारावर घसरून प्रश्न टोलवला असता, तर आपण त्याला उद्धट म्हटले असते. खरे उत्तर त्यांच्याजवळ होते आणि ते साधे होते: कर ही दानधर्माची बाब नसून कायद्याची बाब आहे, आणि मी तो कायदा सर्वांसाठी, माझ्यासकट, बदलू पाहतो आहे. त्यांनी ते अशा स्वच्छ शब्दांत मांडले असते तर मी हा प्रसंग पहिल्या क्रमांकावर ठेवला असता. याउलट, त्याच ओघात कॅमेऱ्याकडे पाहून, ही वाहिनी पाहणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनीही आपली दहा वर्षांची विवरणपत्रे खुली करावीत असे जे त्यांनी सांगितले, ते कसोटीला उतरते. कारण तसे आवाहन करण्याआधी त्यांनी स्वतःची कागदपत्रे पुढे ठेवली होती.

पडत्या बाजूचे काय करावे

ती आपणच सांगावी, आणि विरोधकाने काढण्याआधी सांगावी. यात उदारपणा नाही, व्यवहार आहे. ज्या वक्त्याने आपल्या उमेदवाराची कच्ची उत्तरे दाखवली त्याने पक्के म्हणून दाखवलेल्या उत्तरावर लोक विश्वास ठेवतात.

सँडर्स यांच्या बाबतीत अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात 23 फेब्रुवारी 2020 रोजी अँडरसन कूपर यांनी त्यांना विचारले की आपल्या सगळ्या योजनांचा एकूण खर्च किती. आधी हिशेब तयार असल्याचे सांगून, पुढे प्रत्येक पैचा आकडा मी येथे म्हणून दाखवू शकत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. ज्याची सारी मोहीमच खर्चाच्या प्रश्नावर तपासली जाणार होती, त्याच्याकडून हे उत्तर फार अपुरे होते. त्याच मुलाखतीत क्युबाचे साम्यवादी नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या साक्षरता मोहिमेविषयी ते जे कौतुकाचे बोलले त्यावर पुढे कित्येक दिवस गदारोळ चालला. ते मत बरोबर की चूक यावर कट्ट्यावर वाद घालता येईल, पण फ्लोरिडातील क्युबन मतदार ते कसे ऐकतील याचा अंदाज त्यांनी घेतलेला दिसला नाही.

दुसरे उदाहरण मला जास्त आवडते. एप्रिल 2016 मध्ये न्यूयॉर्क डेली न्यूजच्या संपादक मंडळाशी त्यांची दीर्घ बैठक झाली आणि वृत्तपत्राने तिचे संपूर्ण शब्दांकन छापले. मोठ्या बँकांचे तुकडे नेमके कसे करणार, या प्रश्नावर ते मोघम बोलले म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. शब्दांकन सलग वाचले असता काही प्रश्नही गोंधळलेले होते असे मला वाटते, पण उमेदवाराने गोंधळलेला प्रश्न सुधारून घ्यावा ही अपेक्षा चुकीची नाही. याच बैठकीत त्यांना विचारले गेले की आजकाल न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने प्रवास कसा करतात. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या सँडर्स यांनी सांगितले की टोकन घ्यायचे आणि आत जायचे. टोकन 2003 सालीच बंद झाले होते. वाशीहून सीएसएमटीला जाण्यासाठी खिडकीवर पुठ्ठ्याचे तिकीट मागणाऱ्या माणसाला आपण हसू तसे लोक हसले. मी हा किस्सा मुद्दाम सांगतो, कारण श्रोते हसतात, मोकळे होतात आणि पुढचा गंभीर मुद्दा लक्ष देऊन ऐकतात.

संकलनाची चौकशी

आधी चित्रित करून मग कापून जोडलेल्या मुलाखतीचे कौतुक करताना किंवा तिच्यावर टीका करतानाही एक पाऊल मागे राहावे. ऑक्टोबर 2024 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’मधील मुलाखतीत इस्रायलविषयीच्या एकाच प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराचा एक भाग वाहिनीच्या एका कार्यक्रमात दिसला आणि दुसराच भाग मुख्य कार्यक्रमात दिसला. त्यावरून खटला झाला, पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये संपूर्ण शब्दांकन खुले झाले, आणि दोन्ही भाग एकाच उत्तरातले असल्याचे वाचकांना पाहता आले. म्हणून पूर्ण शब्दांकन मिळत असेल तर ते वाचल्याशिवाय “अडखळले” किंवा “मुद्देसूद बोलले” असे काहीही लिहू नये. थेट प्रसारित मुलाखतीला मी झुकते माप देतो ते यामुळेच.

प्रत्यक्ष मांडताना

कट्ट्यावर पाच मिनिटे मिळतात असे धरून चालावे. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती फेऱ्या मारून आलेली मंडळी बाकावर टेकतात तेव्हा त्यांना व्याख्यान नको असते. त्यातले पहिले मिनिट प्रसंगाच्या पार्श्वभूमीला, दोन मिनिटे निवडलेल्या क्षणाला आणि एक मिनिट कच्च्या उत्तराला द्यावे. उरलेले मिनिट प्रश्नांसाठी सोडावे, म्हणजे प्रत्यक्षात पंधरा मिनिटे लागतात. इंग्रजी संवाद म्हणून दाखवण्याच्या भरीस पडू नये, आशय मराठीत सांगावा. उमेदवाराच्या आवाजाची नक्कल तर अजिबात करू नये.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. अशा प्रत्येक कौतुकानंतर त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “अहो, एवढं छान बोलले म्हणता, मग निवडून का नाही आले?” या प्रश्नावर चिडू नये, तो रास्त आहे. मुलाखतीने माणूस ओळखीचा होतो, त्याची मांडणी कळते, पण मते जुळवण्याचे गणित निराळे असते. 29 फेब्रुवारी 2020 रोजी साउथ कॅरोलायनात सँडर्स यांचे पक्षातील प्रतिस्पर्धी जो बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, त्यापाठोपाठ इतर काही उमेदवारांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला, 3 मार्चला अनेक राज्यांत एकाच दिवशी झालेल्या मतदानात बायडेन पुढे गेले आणि 8 एप्रिलला सँडर्स यांनी प्रचार थांबवला. पेनसिल्व्हेनियाचे पक्षांतर्गत मतदान करोनामुळे 2 जूनवर ढकलले गेले होते. बेथलेहेमच्या सभागृहात हात वर करणाऱ्यांची मतपेटीजवळ जाण्याची पाळी आली तोवर स्पर्धा संपलेली होती. इतके तारीखवार सांगितले की बाईंचे समाधान होते, निदान त्या दिवसापुरते.

हेच कौतुक सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहायचे असेल तर कापलेला तुकडा पुढे ढकलू नये. पूर्ण मुलाखतीचा दुवा द्यावा, कितव्या मिनिटापासून पाहायचे ते लिहावे, प्रश्न एका ओळीत आणि उत्तर दोन ओळींत द्यावे, आणि न पटलेले एक उत्तरही त्याच संदेशात नोंदवावे. गटाच्या नियमांत राजकीय मजकुराला मनाई असेल, जशी ती बहुतेक सोसायट्यांत असते, तर परदेशातली निवडणूक म्हणून सवलत मिळेल असे गृहीत न धरता सेक्रेटरींना आधी विचारावे.